नेपाळला निघालेल्या मिशन कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या मिशन कमिट्या, तरुण संघांचे पदाधिकारी आणि पाळकसाहेब यांस,

सप्रेम सलाम.

दिवाळीच्या सुट्टीतल्या नेपाळ दौऱ्यांच्या सूचना पुन्हा उपासनेनंतर वाचल्या जाऊ लागल्या आहेत. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून जीपने सुनौली, पायी सीमा, मग भैरहवा, बुटवल, पोखरा. सोबत येशूबद्दल सांगणाऱ्या नेपाळी पत्रिकांचे गठ्ठे, गिटार, ढोलकी आणि मुलांसाठी रंगीत चित्रांची पुस्तकं. दहा-बारा दिवसांत परत, आणि पुढच्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून साक्ष. कळव्यापासून खारघरपर्यंत बऱ्याच मंडळ्यांत हे ठरून गेल्यासारखं झालं आहे, म्हणून एका कमिटीला वेगळं न लिहिता सगळ्यांना एकत्र लिहितो आहे. माझं मागणं एवढंच आहे की हे दौरे रद्द करा.

सुवार्ता सांगण्याबद्दल मला संकोच वाटतो म्हणून हे लिहीत नाही. नगरकडच्या एका खेड्यात माझ्या खापरपणजोबांशी कुणी तरी येऊन बोललं, म्हणून आमचं घर ख्रिस्ती आहे. बोलणाऱ्याला बोलू द्यावं आणि ऐकणाऱ्याला त्याचं त्याला ठरवू द्यावं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. प्रश्न आहे तो बोलतो कोण आणि भरतो कोण याचा.

सूचनेत एक वाक्य हमखास असतं: नेपाळ आता हिंदू राष्ट्र राहिलेलं नाही, त्यामुळे अडचण नाही. पहिला भाग खरा आहे. २००६ मध्ये देश धर्मनिरपेक्ष जाहीर झाला, २००८ मध्ये राजेशाही गेली. पण २० सप्टेंबर २०१५ रोजी लागू झालेली राज्यघटना कमिटीतल्या कुणी उघडून पाहिली आहे का? कलम २६ आपापला धर्म मानायचं आणि पाळायचं स्वातंत्र्य देतं, आणि त्याच कलमाचं तिसरं उपकलम दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी घालतं. दुसऱ्याच्या धर्मात खलल पडेल असं वागणंही त्यात आलं. धर्मनिरपेक्षतेची व्याख्या करतानाच कलम ४ सनातन काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीच्या रक्षणाची ग्वाही देतं. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये नवी फौजदारी संहिता लागू झाली. तिच्या कलम १५८ खाली दुसऱ्याचं धर्मांतर करणाऱ्याला, तसा प्रयत्न करणाऱ्याला किंवा त्याला मदत करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. ‘आम्ही कुणाला आमिष दाखवत नाही’ हा आपला आवडता बचाव तिथं कामाचा नाही. प्रलोभन असो वा नसो, असं त्या कलमातच म्हटलेलं आहे.

हा कायदा वाईट आहे, असं माझंही मत आहे. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार नेपाळने १९९१ मध्ये स्वीकारला, त्यातल्या धर्मस्वातंत्र्याच्या अठराव्या कलमाशी हे जुळत नाही. नेपाळी ख्रिस्ती लोक हे गेली कित्येक वर्षं आपल्या सरकारला सांगत आहेत. ती लढाई त्यांची आहे, ते ती स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पत्त्यावर राहून लढत आहेत. आपण दहा दिवसांसाठी जाऊन त्यांची बाजू भक्कम करत नाही. उलट, ‘हा सगळा बाहेरून आलेला उद्योग आहे’ असं म्हणणाऱ्यांच्या हाती पुरावा देऊन येतो.

भारतीयांसाठी हे फार सोपं आहे, आणि गोची तिथेच आहे. १९५० च्या करारामुळे व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र दाखवलं तरी चालतं, सुनौलीला अनेकदा तेही कुणी मागत नाही. पासपोर्टवर शिक्का नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून धास्ती नाही. अमेरिकन किंवा कोरियन मिशनरी निदान व्हिसा रद्द होईल म्हणून दोनदा विचार करतो. आपल्या पोरांना तेवढंही वाटत नाही. (जाता जाता: गोरखपूर स्टेशनवर सराव म्हणून पत्रिका वाटायचा बेतही एका सूचनेत वाचला. तिथं उत्तर प्रदेशाचा २०२१ चा धर्मांतरविरोधी कायदा आहे आणि तो नेपाळच्या कायद्याहून मऊ नाही. हे सुचवणाऱ्याने वकिलाला विचारलं होतं का?)

आता आपली माणसं परत आल्यावर मागे काय होतं ते बघू. ज्या घरात सभा झाली ते घर कुणाचं, हे अख्ख्या वस्तीला माहीत असतं. हॉलचा भाडेकरार तिथल्या पाळकाच्या नावावर असतो. तक्रार झाली तर पोलीस त्याच्याकडे जातात, कारण दुसरं कुणी सापडण्यासारखं उरलेलंच नसतं. आणि पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही, आपणच तो फेसबुकवर टाकलेला असतो: हात वर केलेले चेहरे, नदीतला बाप्तिस्मा, गावाचं नाव, तारीख आणि खाली ‘प्रभूची स्तुती असो’.

एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर दोलखा जिल्ह्यातल्या चरिकोटला काय झालं ते आठवा. धक्क्यातून सावरणाऱ्या शाळकरी मुलांना येशूच्या गोष्टीचं चित्रपुस्तक दिलं, म्हणून २०१६ मध्ये आठ जणांना अटक झाली. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये कोर्टाने त्यांना सोडलं. निर्दोष सुटले हे आपण साक्षीत सांगतो. पण सुटेपर्यंतचे महिने, वकिलाची फी, मुलांच्या शाळेत झालेली चर्चा, घरमालकाने बदललेली वागणूक हे सांगायला कुणी उभं राहत नाही. आणि तुमच्या यादीतली ‘मुलांसाठी रंगीत पुस्तकं’ म्हणजे नेमकी तीच वस्तू आहे.

दुसरं प्रकरण पोखऱ्यातल्या एका पाळकाचं. मार्च २०२० मध्ये करोनाबद्दलच्या प्रार्थनेचा त्यांचा व्हिडिओ फिरला आणि अटक झाली. एका गुन्ह्यात जामीन मिळाला की दुसऱ्यात पुन्हा अटक, असं करत त्यांना डोल्पाला नेलं गेलं. डोल्पा कुठे आहे ते नकाशावर बघा. पोखऱ्याहून तिथं तारखेला जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कळायचं नाही. आपली तारीख असते ठाणे कोर्टात, स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. डोल्पाच्या जिल्हा न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली, वरच्या न्यायालयाने ती एक वर्षावर आणली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते एक वर्ष कायम ठेवलं. या माणसाला मी हिरो करत नाही. आजारपणाबद्दलचं त्यांचं ते बोलणं मला पटलेलंही नाही. पण पाळकाचं एक वाक्य किती लांब जातं, आणि ते फेडायला त्याचं अख्खं घर कसं लागतं, हे त्यातून दिसतं.

आपल्या ठाण्यालाच ही गोष्ट नवी नाही. दर मिशन रविवारी कुणी तरी चार ठाणेकर हुतात्म्यांची आठवण काढतं, म्हणून तीच जरा नीट सांगतो. एप्रिल १३२१. टोलेंटिनोचा थॉमस, पदुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस हे फ्रान्सिस्कन संघाचे चार साधू होर्मुझहून जहाजाने निघाले होते. जायचं होतं कोल्लमला आणि पुढे चीनकडे, जहाज लागलं ठाण्याला. गावात तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, हा आकडा ओदोरिक या प्रवाशाने लिहून ठेवला आहे. त्यातल्या एका घरात हे चौघं उतरले. रात्री नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने मारलं, सकाळी बाई काझीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरात उतरलेले पाहुणे. तिघं काझीपुढे गेले, पीटर सामानाजवळ थांबला. विषय मारहाणीवरून धर्मावर गेला, पैगंबरांबद्दल तुमचं मत काय असं विचारलं गेलं, थॉमसने आडपडदा न ठेवता उत्तर दिलं. पुढे चौघांनाही ठार मारलं गेलं, हे सर्वांना माहीत आहे. त्यांचा सोबती जोर्दानुस तेव्हा भडोचच्या वाटेवर होता म्हणून वाचला. त्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं, म्हणजे आपल्या आजच्या नालासोपाऱ्याला. काही वर्षांत ओदोरिक येऊन त्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला.

आपण ही कथा चार शूरांची म्हणून सांगतो आणि ते शूर होतेच. पण ती पंधरा घरं? ती इथलीच होती. त्यांना त्याच बाजारात उभं राहायचं होतं, त्याच काझीपुढे आपले खटले न्यायचे होते, त्याच खाडीत होड्या घालायच्या होत्या. पाहुणा बोलून गेला, आता शेजारी आपल्याकडे कसं बघतील, हा प्रश्न त्या रात्री पंधराही घरांत असणार. आणि गंमत बघा, ज्यांच्या घरी पाहुण्यांनी अन्न घेतलं त्या यजमानांना ओदोरिक आपल्या लिखाणात पाखंडी म्हणतो. पाहुण्यांना हुतात्म्यांचा मान आणि यजमानांना ही उपाधी! बरं, त्या चौघांनी निदान स्वतःचा जीव मोजला. आपल्या खिशात परतीचं कन्फर्म तिकीट असतं.

यावर येणारी हरकत मला ठाऊक आहे, आणि ती हलकी नाही. तरुण संघातल्या एकाने ती माझ्या तोंडावरच घेतली: काका, मिशनऱ्यांनी परवानगीची वाट बघितली असती तर तुम्ही आज ख्रिस्ती असता का? नसतो. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर ईस्ट इंडिया कंपनी मिशनरी म्हटलं की बिचकायची. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले तेव्हा त्यांना परत धाडण्याचा हुकूम कलकत्त्याहून निघालेला होता. मधे ते गुपचूप जहाजात बसून कोचीनकडे निघूनही गेले, आणि त्यांना परत आणलं गेलं. म्हणजे हडेलहप्पी आणि चोरवाट या दोन्हींचा वारसा अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या पानावर आहे. हे मी झाकत नाही.

पण त्या हुकुमाचा फटका कुणाला बसणार होता? त्यांनाच. मुंबईत त्यांच्या मागे राहून पकडला जाईल असा एकही मराठी ख्रिस्ती माणूस नव्हता. त्यांनी गव्हर्नर नेपियन यांना सहीनिशी अर्ज केले, आम्ही कोण आणि कशाला आलो हे लिहून दिलं. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना दार किलकिलं झालं आणि हॉल इथंच राहिला. मराठी शिकला, शाळा काढल्या, गावोगाव हिंडला आणि १८२६ मध्ये नाशिककडे पटकीने गेला. इथंच पुरला गेला. तेरा वर्षं राहून मेलेल्या माणसाचा दाखला दहा दिवसांच्या सहलीला लावणं मला तरी जमत नाही.

सापांसारखं चतुर असण्याची येशूची आज्ञा आपल्याला आहे, असंही कुणी म्हणेल. आहे. निरुपद्रवी असण्याचीही त्याच ओळीत आहे.

नेपाळचा स्वतःचा इतिहास तर आपल्या दौऱ्यांच्या अगदी उलट साक्ष देतो. अठराव्या शतकात कापुचिन संघाचे कॅथलिक फादर काठमांडू खोऱ्यात राहत होते. १७६९ मध्ये पृथ्वीनारायण शाहाने त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्याबरोबर त्या खोऱ्यातल्या नेवार समाजाच्या ख्रिस्ती कुटुंबांनाही घरदार सोडून बिहारात बेतियाजवळ चुहाडीला यावं लागलं. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं दार बंद. पण नेपाळी बायबल या बंद काळातच, १९१४ मध्ये पुरं झालं आणि ते काम गंगाप्रसाद प्रधान या नेवार माणसाने दार्जिलिंगला बसून केलं.

दार उघडलं राणा घराण्याची राजवट गेल्यावर. १९५४ मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ उभी राहिली, तीही गमतीशीर वाटेने. रॉबर्ट फ्लेमिंग हे पक्षी अभ्यासक म्हणून नेपाळात गेले होते, त्यांची पत्नी बेथेल डॉक्टर. नेपाळातल्या तानसेन या गावी रोग्यांची रांग लागली आणि सरकारने दवाखाना काढायची परवानगी दिली. सरकारशी झालेल्या करारात धर्मांतराचं काम करणार नाही, अशी अट होती. ती त्यांनी मान्य केली. यावर तेव्हा परदेशातल्या मंडळ्यांत कुरबुर झाली असणार. ‘मग जाता कशाला’ हा प्रश्न आपल्या कमिटीतही आला असता. ते गेले आणि त्यांनी तानसेनचं हॉस्पिटल बांधलं, बुटवलला तरुणांना यंत्रांची कामं शिकवणारी संस्था काढली, आंधीखोला नि झिमरुकसारखे जलविद्युत प्रकल्प उभे केले. तोंडाने सांगायचं काम नेपाळी माणसांनी केलं. पोखऱ्याच्या रामघाटची मंडळी १९५२ पासूनची, सीमेकडून आलेल्या नेपाळी विश्वासणाऱ्यांनी उभी केलेली. १९६० च्या सुमारास तानसेनला बाप्तिस्मा झाला तेव्हा तुरुंगात गेले ते नेपाळी. १९६३ च्या मुलुकी ऐनमध्ये, म्हणजे देशाच्या कायदेसंहितेत, धर्म बदलणाऱ्यालाही कैद होती, आणि १९९० च्या जनआंदोलनानंतर धर्माच्या गुन्ह्याखालचे कैदी सुटले तेव्हा सुटलेही तेच.

आज २०२१ च्या जनगणनेत नेपाळात ५,१२,३१३ ख्रिस्ती नोंदले आहेत, लोकसंख्येच्या १.७६ टक्के; २०११ मध्ये ३,७५,६९९ होते. तिथल्या मंडळ्या खरा आकडा याहून मोठा मानतात. एवढ्या लोकांना ठाण्याच्या गिटारची वाट बघायची गरज पडलेली नाही. त्यांची अडचण वेगळी आहे. काठमांडूत मेलेलं माणूस कुठे पुरायचं, ही अडचण आहे: २०११ मध्ये पशुपतिनाथ मंदिराजवळच्या श्लेष्मांतक वनात ख्रिस्ती लोकांना दफन करायला मनाई झाली, तेव्हापासून जमिनीचा प्रश्न लोंबकळतो आहे. कोर्टात उभं राहायला वकील हवा, ही अडचण आहे. मिशन कमिटीच्या पत्रकात या दोन्ही गोष्टी मी कधी वाचल्या नाहीत. दफनभूमीसमोर उभं राहून सेल्फी निघत नाही, कारण कदाचित एवढंच असेल.

‘मग नेपाळी लोकांचं ओझं आमच्या मनात आहे त्याचं काय करायचं?’ घणसोलीत, कामोठ्यात, कोपरीत फिरा. रात्री सोसायटीच्या गेटवर कोण उभा असतो? चायनीजच्या गाडीवर कढई कोण हलवतो? इथं निदान राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचा प्रसार करायचा हक्क दिला आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा त्या हक्काचा भाग नाही असं म्हटलं, तरी आपल्या विश्वासाबद्दल बोलणं गुन्हा ठरवलेलं नाही.

मात्र थांबा, लगेच वॉचमनच्या केबिनकडे पत्रिका घेऊन धावू नका. ज्याचा पगार आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी काढतो, त्याच्या हातात सभासदाने काहीही ठेवलं तर तो घेणारच, आणि ‘प्रार्थनेला ये’ म्हटलं तर मान डोलावणारच. ही मान आकड्यात धरणं लबाडी आहे. त्याला खोली मिळत नाही, पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद अडतो, मुलाला शाळेत प्रवेश मिळत नाही, बायको कळव्याच्या हॉस्पिटलात बाळंत व्हायची असते तर फॉर्म कुणी भरून देत नाही. ही कामं करा. वर्षभर करा, तो कधीही मंडळीत येणार नाही असं धरून करा. त्याच्यातलाच कुणी आधीपासून ख्रिस्ती असेल तर आपला हॉल त्याला शनिवारी द्या. नेपाळात उपासना शनिवारी असते, सुट्टी त्या दिवशी म्हणून. इथंही अनेकांना रविवारी ड्युटी असते. हॉलच्या वीजबिलावरून कुरकुर करणारे आपल्याकडे आहेत, त्यांच्याशी आधी बोलून घ्या.

आणि ज्यांना नेपाळला जायचंच आहे त्यांना माझी ना नाही. तिथल्या एखाद्या मंडळीने बोलावलं असेल, कामही तिनेच सांगितलं असेल, तर जा. नर्स असाल, इलेक्ट्रिशियन असाल, हिशेब येत असतील, तर रीतसर कामावर जा, दोन-तीन वर्षं राहा, भाषा शिका. कुणी आपण होऊन विचारलं तर काय सांगायचं, ते तिथल्या वडील मंडळींकडून शिका. फोटो काढू नका. काढलेच तर घरी ठेवा. परत आल्यावर साक्षीत गावाचं नाव घेऊ नका आणि ‘इतक्या जणांनी प्रभूला स्वीकारलं’ हा आकडा तर नकोच. दुभाषामार्फत वीस मिनिटं बोलून कुणी काय स्वीकारलं, हे त्या दुभाषालाही सांगता यायचं नाही.

शेवटचा मुद्दा पैशांचा, कारण कमिटीची बैठक अखेर तिथेच अडते. वर्गणी गोळा झाली आहे, ती परत कशी करायची? परत करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारा आणि ती रक्कम नेपाळातल्या मंडळ्यांच्या कायदेशीर मदतीला किंवा दफनभूमीच्या कामाला नियमाप्रमाणे पाठवता येते का, हे चार्टर्ड अकाउंटंटला विचारून घ्या. परदेशात पैसे पाठवायचे नियम आहेत, खिशात रोख घालून सुनौली ओलांडणं हा उपाय नव्हे. नाहीच जमलं तर इथल्या नेपाळी कुटुंबांच्या मुलांची फी भरा. पत्रिका छापून झाल्या असतील तर त्या कपाटात राहू द्या. तिकिटं काढली असतील तर आजच रद्द करा, रेल्वे आता कापेल त्याहून गाडी सुटायच्या आदल्या दिवशी जास्त कापते.

आपला,
ठाण्यातल्या एका मराठी मंडळीचा सभासद
कळवा